गिटार ॲम्प्लिफायरचा स्पीकर बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिटारच्या ॲम्पमधला स्पीकर बदलण्याविषयी सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सर्वांच्याच उपयोगाचे आहेत. पुढचे विशिष्ट परिस्थितींविषयी आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येते आणि जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. ओहम (स्पीकरचा प्रवाहाला होणारा विरोध), वॉट (ताकद) आणि माप या तीन बाबतींत तडजोड करू नये, कारण ॲम्प आणि स्पीकर यांचे आयुष्य त्यांवर अवलंबून असते. त्या तिन्ही जुळल्यानंतरचा निर्णय मात्र कानांनीच करावा लागतो.

१. माझा स्पीकर खरोखरच बिघडला आहे, की दोष दुसरीकडे आहे, हे कसे ओळखावे?

आवाज खरखरतो, फाटतो किंवा मधेच जातो, एवढ्यावरून स्पीकरला दोष देऊ नये. खात्रीचा मार्ग म्हणजे ॲम्पला तेवढ्याच ओहमचा, चांगल्या स्थितीतला दुसरा स्पीकर जोडून पाहणे. खरखर तशीच राहिली तर दोष ॲम्पमध्ये, वायरीत किंवा गिटारमध्ये आहे आणि नवा स्पीकर आणून काहीही साधणार नाही. एखाद्याच स्वरावर झणझण ऐकू येत असेल, तर तो स्वर कोणाला तरी वाजवत ठेवायला सांगावे आणि आपण पाठीमागची फळी, हँडल, जाळी, स्पीकरचे स्क्रू यांवर एकेक करून हात दाबून पाहावा. कशावर तरी हात पडताच झणझण थांबते आणि अनेकदा तो एखादा सैल स्क्रूच निघतो. व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्पमध्ये व्हॉल्व्हही कंपनाने वाजतात, पण ते तापलेले असतात आणि आतला विद्युतदाब घातक असतो, म्हणून तिथे हात घालू नये.

त्यानंतर ॲम्प बंद करून, प्लग काढून स्पीकरकडे पाहावे. दोन्ही हातांची बोटे मधल्या गोल टोपीच्या भोवती समान अंतरावर टेकवावीत आणि कागदी शंकू, ज्याला सगळे कोन म्हणतात, तो अलगद आत दाबावा. चांगला कोन निःशब्द आत जातो आणि निःशब्द बाहेर येतो. लाकडावर पॉलिश पेपर घासल्यासारखा आवाज आला, तर आतली कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे असे समजावे. टर्मिनलपासून कोनापर्यंत जाणाऱ्या दोन विणलेल्या लवचिक तारा याच वेळी पाहून घ्याव्यात. वर्षानुवर्षांच्या हालचालीने त्या टोकाशी तुटतात, आवाज येतो-जातो आणि धडधाकट स्पीकर उगाच भंगारात जातो.

२. घरच्या म्युझिक सिस्टीमचा किंवा गाडीचा स्पीकर गिटारच्या ॲम्पमध्ये चालेल का?

ओहम आणि वॉट जुळले तर आवाज येईल, पण तो गिटारचा आवाज वाटणार नाही. संगीत ऐकण्याचा स्पीकर आलेला संकेत जसाच्या तसा ऐकवण्यासाठी बनवलेला असतो. गिटारचा स्पीकर त्या संकेतात स्वतःची भर घालतो. त्याचा पल्ला साधारण ७५ हर्ट्झपासून ५,००० हर्ट्झपर्यंत असतो, त्यापलीकडे आवाज झपाट्याने पडतो, आणि डिस्टॉर्शनचा, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजाचा कर्कश, माशी गुणगुणल्यासारखा भाग नेमका तिथेच गाळला जातो. त्याचा कोन हलका असतो आणि जोरात वाजवल्यावर त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळे थरथरू लागतात. हाय-फायमध्ये हा दोष ठरेल. गिटारमध्ये हीच थरथर आवाजाला दाणेदारपणा देते. म्हणून बदली स्पीकर गिटारसाठी बनवलेलाच घ्यावा. मॉडेलिंगच्या, म्हणजे निरनिराळ्या ॲम्प-स्पीकरांची नक्कल करणाऱ्या उपकरणांचा अपवाद आहे. तो प्रश्न १७ मध्ये पाहावा.

३. माझ्या ॲम्पला किती ओहमचा स्पीकर लागेल?

ॲम्पच्या पाठीवर, स्पीकरच्या जॅकशेजारी हा आकडा बहुधा छापलेला असतो. तसा नसेल तर मूळ स्पीकरच्या चुंबकावरचा किंवा सांगाड्यावरचा शिक्का पाहावा. गिटारचे स्पीकर प्रामुख्याने ४, ८ आणि १६ ओहमचे मिळतात. एकच स्पीकर असलेल्या ॲम्पमध्ये मूळ स्पीकर जितक्या ओहमचा होता तितक्याचाच घ्यावा. मात्र मूळ स्पीकर कोणीतरी आधीच बदललेला असू शकतो, म्हणून जुना ॲम्प हाती आला असेल तर केवळ आतल्या स्पीकरवर विसंबू नये. त्या मॉडेलची माहितीपुस्तिका पाहावी. फेंडर डिलक्स रिव्हर्ब या २२ वॉटच्या ॲम्पला ८ ओहम लागतात, तर त्याच घराण्यातल्या ट्विन रिव्हर्बला ४ ओहम लागतात. एका कंपनीचा एक ॲम्प पाहून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, तो यामुळेच.

४. स्पीकरवर ८ ओहम लिहिले आहे, पण मल्टिमीटर ६.६ दाखवतो. स्पीकर खराब आहे का?

नाही, तो अगदी ठीक आहे. मल्टिमीटर कॉइलच्या तारेचा निव्वळ रोध मोजतो. छापलेला आकडा इंपीडन्सचा असतो, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाचा, आणि तो वारंवारतेनुसार बदलतो. म्हणून मीटरवरचा आकडा छापील आकड्यापेक्षा कमीच दिसतो. ८ ओहमच्या स्पीकरवर साधारण ६ ते ७, १६ ओहमच्या स्पीकरवर साधारण ११ ते १४ आणि ४ ओहमच्या स्पीकरवर साधारण ३ ते ३.६ असे वाचन येते. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल किंवा प्रश्न १ मधली लवचिक तार तुटलेली आहे.

मोजण्यापूर्वी स्पीकरची किमान एक वायर टर्मिनलवरून काढावी. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये स्पीकर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीला जोडलेला असतो आणि त्या गुंडाळीचा रोध फारच कमी असल्यामुळे, वायर न काढता मोजल्यास मीटर शून्याच्या जवळ जातो. स्पीकर शॉर्ट झाला असा समज मग विनाकारण होतो.

५. हवा तो स्पीकर ८ ओहममध्ये मिळत नाही. १६ किंवा ४ ओहमचा बसवू का?

याचे उत्तर ॲम्प ट्रान्झिस्टरचा आहे की व्हॉल्व्हचा यावर अवलंबून आहे.

ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर किमान ओहमचा आकडा दिलेला असतो. त्याच्या खाली कधीही जाऊ नये, कारण ओहम कमी झाले की प्रवाह वाढतो आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर तापून जळू शकतात. वर गेल्यास धोका नसतो, फक्त ताकद कमी मिळते. ४ ओहमला ५० वॉट देणारा ॲम्प ८ ओहमला साधारण २५ ते ३० वॉट देतो. हा तोटा ऐकू येतो, पण तो तीन डेसिबलच्या आसपासचा असतो आणि अधिक संवेदनशील स्पीकर निवडून भरून काढता येतो. प्रश्न ८ पाहावा.

व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर ठरावीक ओहमसाठी गुंडाळलेला असतो, म्हणून इथे आकडा दोन्ही बाजूंनी महत्त्वाचा आहे. ओहम कमी असतील तर व्हॉल्व्हमधून जास्त प्रवाह जाऊन ते लवकर झिजतात. ओहम जास्त असतील तर ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीवरचा विद्युतदाब चढतो आणि तिचे आवरण फुटण्याची भीती असते. दुपटीचा किंवा निमपटीचा फरक काही ॲम्प वर्षानुवर्षे सोसतात हे खरे आहे, पण आपला ॲम्प त्यांपैकी आहे की नाही हे तो जळाल्यावरच कळते, त्यामुळे ही जोखीम घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ॲम्पवर ४, ८ आणि १६ ओहम निवडण्याचा खटका किंवा वेगवेगळे जॅक असतील तर प्रश्नच मिटतो. स्पीकर कोणताही घ्यावा आणि खटका त्याप्रमाणे ठेवावा.

६. नवा स्पीकर येईपर्यंत स्पीकरशिवाय ॲम्प चालू केला तर काय होईल?

ट्रान्झिस्टरच्या बहुतेक ॲम्पना काही होत नाही. व्हॉल्व्हचा ॲम्प मात्र स्पीकरशिवाय कधीही वाजवू नये. ट्रान्सफॉर्मरमधली ऊर्जा जायला वाट नसली की त्याच्या गुंडाळीत प्रचंड विद्युतदाब उसळतो आणि ट्रान्सफॉर्मर किंवा व्हॉल्व्हचे सॉकेट निकामी होऊ शकते. काही ॲम्पच्या मुख्य जॅकमध्ये, उदाहरणार्थ फेंडरच्या अनेक जुन्या मॉडेलांत, प्लग काढताच आउटपुट शॉर्ट होईल अशी सोय असते, पण ती क्षणभराच्या चुकीसाठी आहे. तिच्या भरवशावर वाजवत बसू नये.

७. स्पीकर किती वॉटचा घ्यावा?

ॲम्पपेक्षा जास्त क्षमतेचा. किती जास्त, हे वाजवण्याच्या पद्धतीवर ठरते. ॲम्पवर छापलेले वॉट स्वच्छ आवाजाचे असतात. व्हॉल्व्हचा ॲम्प पूर्ण उघडून वाजवला की तो छापील आकड्याच्या दीडपट किंवा त्याहूनही अधिक ताकद देऊ शकतो. म्हणून १५ वॉटच्या व्हॉल्व्ह ॲम्पला २५ ते ३० वॉटचा आणि २२ वॉटच्या ॲम्पला ४० वॉटच्या आसपासचा स्पीकर सुखाने चालतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पसाठीही दीडपट ठेवावी, कारण त्यांच्या फाटक्या आवाजात सतत ऊर्जा असते आणि कॉइलला थंड व्हायला उसंत मिळत नाही.

सारखे दोन स्पीकर भार समान वाटून घेतात, म्हणजे ५० वॉटच्या ॲम्पला दोन ३० वॉटचे मिळून ६० वॉट होतात. याच हिशोबाची कडेलोटावरची उदाहरणेही इतिहासात आहेत. व्हॉक्स कंपनीच्या ३० वॉटच्या एसी३० या ॲम्पमध्ये सेलेशन या स्पीकर कंपनीचे १५ वॉटचे दोन स्पीकर असत, म्हणजे राखीव क्षमता शून्य. तो आवाज आजही हजारो लोकांना हवा असतो, आणि जो तो मिळवायला जाईल त्याने आवाजाची खुंटी पूर्ण उघडताना हे ध्यानात ठेवावे.

क्षमता किती वाढवावी यालाही मर्यादा आहे. १५ वॉटच्या ॲम्पवर १५० वॉटचा स्पीकर सुरक्षित असतो, पण त्याची जड कॉइल आणि ताठ कोन एवढ्या ताकदीला बधत नाहीत. कोनाची जी थरथर हवी असते ती येत नाही. ज्यांना पूर्ण स्वच्छ आवाज हवा आहे त्यांना मात्र हेच आवडते.

८. जास्त वॉटचा स्पीकर लावल्यावर आवाज मोठा होईल ना?

नाही. स्पीकरवरचे वॉट म्हणजे तो किती सहन करतो त्याची मर्यादा. आवाज किती होईल हे सांगणारा आकडा वेगळा आहे आणि दुर्दैवाने खरेदी करताना त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. त्याला संवेदनशीलता म्हणतात. एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो, असा तो मोजतात. गिटारच्या स्पीकरांत तो साधारण ९५ ते १०३ असतो.

तीन डेसिबलचा फरक म्हणजे ॲम्पची ताकद दुप्पट करण्याइतका फरक. ९७ डेसिबलचा स्पीकर काढून १०० डेसिबलचा बसवला, की २० वॉटचा ॲम्प जुन्या स्पीकरवर ४० वॉटचा वाजला असता तितका वाजतो. सेलेशनचा ग्रीनबॅक २५ वॉटचा आणि ९८ डेसिबलचा आहे, तर व्हिंटेज ३० हा ६० वॉटचा आणि १०० डेसिबलचा आहे. दुसरा मोठा वाजतो तो त्याच्या ६० वॉटमुळे नव्हे, तर या दोन डेसिबलमुळे. अल्निकोचा ब्लू केवळ १५ वॉट सोसतो, पण तोही १०० डेसिबलचा आहे, यावरून दोन आकड्यांचा परस्परांशी संबंध नाही हे दिसेल.

हा आकडा उलट दिशेनेही कामाला येतो. बँडच्या आवाजात गिटार हरवत असेल तर नवा ॲम्प घेण्यापूर्वी अधिक संवेदनशील स्पीकरचा विचार करावा. खोलीत वाजवणाऱ्याला व्हॉल्व्हचा ॲम्प जेमतेम दोनवर ठेवावा लागत असेल, तर कमी संवेदनशील स्पीकर लावल्यावर खुंटी थोडी अधिक फिरवता येते. मात्र चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. कानाला आवाज निम्मा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची घट लागते आणि तेवढी केवळ स्पीकर बदलून मिळत नाही.

९. १२ इंची स्पीकर सगळे सारख्याच मापाचे असतात का?

जवळपास, पण पूर्णपणे नाही. बाहेरचा व्यास सुमारे ३१० मिलीमीटर आणि स्क्रूच्या छिद्रांचे वर्तुळ सुमारे २९७ मिलीमीटर हे माप बहुतेक ठिकाणी जुळते. काहींना चार छिद्रे असतात, काहींना आठ, आणि आठवाल्यांत चार स्क्रूही बसतात. खरी अडचण खोलीची येते. जड चुंबकाचा किंवा मागे घंटेसारखे झाकण असलेला स्पीकर लहान कॉम्बोमध्ये (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्या ॲम्पमध्ये) ट्रान्सफॉर्मरला, व्हॉल्व्हना किंवा तळाशी ठेवलेल्या रिव्हर्बच्या (आवाज घुमवणाऱ्या) पेटीला टेकू शकतो. समोरच्या फळीपासून सर्वांत जवळच्या अडथळ्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे, उत्पादकाने दिलेल्या खोलीशी ताडून पाहावे आणि मध्ये निदान बोटभर जागा उरू द्यावी. १० आणि ८ इंची स्पीकरांत मापांचे वैविध्य अधिक आहे, म्हणून तिथे छिद्रांचे अंतरही मोजूनच घ्यावे.

१०. अल्निको, सिरॅमिक आणि निओडिमियम यांत फरक काय? महागडा अल्निको घ्यावाच का?

ही चुंबकांची नावे आहेत. अल्निको हा ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचा मिश्रधातू असून कोबाल्टमुळे तो महाग पडतो. सिरॅमिक स्वस्त आणि जड असतो. निओडिमियम लहान आकारात मोठी ताकद देतो, त्यामुळे स्पीकरचे वजन निम्म्याच्या आसपास येऊ शकते आणि ॲम्प उचलून नेणाऱ्याच्या पाठीला ते नक्कीच जाणवते.

अल्निको जोराच्या वादनात आवाज हळुवारपणे दाबतो आणि सिरॅमिक अधिक ठोस उत्तर देतो, असे सर्वसाधारण वर्णन केले जाते आणि त्यात तथ्य आहे. परंतु स्पीकरच्या आवाजावर चुंबकाच्या जातीपेक्षा कोनाचा जास्त प्रभाव पडतो. कागदाची जाडी, त्यावर वळ्या आहेत की तो गुळगुळीत आहे, कडेला लावलेला चिकट लेप, मधली टोपी कागदाची आहे की ॲल्युमिनियमची, कोन कागदाऐवजी अंबाडीसारख्या धाग्याचा आहे का, या गोष्टी आधी पाहाव्यात. ॲल्युमिनियमची टोपी आवाज उजळ करते. धाग्याचा कोन तो मऊ आणि गडद करतो. पैसे मोजकेच असतील तर चांगला सिरॅमिक घेण्यात काहीही कमीपणा नाही.

११. माझ्या ॲम्पचा आवाज कर्कश वाटतो. कोणता स्पीकर घेऊ?

आधी आपण कुठे उभे राहून ऐकतो ते पाहावे. १२ इंची कोन उंच स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे फेकतो. ॲम्प जमिनीवर असेल तर तो झोत गुडघ्यांवर आदळतो; आपण त्या मंद आवाजाला पुरे पडावे म्हणून ट्रेबल वाढवतो आणि समोर बसलेल्यांच्या कानांत ते टोचते. ॲम्प खुर्चीवर ठेवून किंवा मागे कलवून कान त्याच्या रेषेत आणावेत आणि मग खुंट्या पुन्हा लावाव्यात. इतक्यानेच कित्येकांची स्पीकर बदलण्याची गरज संपते.

तरीही कर्कशपणा राहिला तर उत्पादकाने दिलेला आलेख पाहावा. २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात मोठा उंचवटा असलेला स्पीकर बँडमध्ये चिरत जातो, पण उजळ ॲम्पवर तो त्रासदायक होतो. अशा ॲम्पला या पट्ट्यात सपाट असलेला किंवा धाग्याच्या कोनाचा स्पीकर मानवतो. उलट, गढूळ आणि दबलेल्या ॲम्पला तोच उंचवटा उपकारक ठरतो. ॲम्पची उणीव स्पीकरने भरावी, त्याचा अतिरेक वाढवू नये, हे निवडीचे सूत्र मी वापरतो आणि त्याने मला फसवलेले नाही.

१२. इंटरनेटवरचे नमुने ऐकून स्पीकर निवडता येईल का?

तुलनेसाठी ते उपयोगी आहेत, पण एकाच व्यक्तीने, एकाच ॲम्पवर, मायक्रोफोन तसूभर न हलवता केलेल्या ध्वनिमुद्रणांचीच तुलना करावी. मायक्रोफोन मधल्या टोपीसमोरून दोन बोटे कडेकडे सरकवला तर पडणारा फरक दोन वेगवेगळ्या स्पीकरांमधल्या फरकाहून मोठा असू शकतो. शिवाय असे नमुने बहुधा मोठ्या आवाजात मुद्रित केलेले असतात. आपण हळू वाजवत असाल तर आपल्याला तो स्पीकर तसा ऐकू येणार नाही.

१३. पेटीची पाठ उघडी असेल किंवा बंद असेल, तर निवड बदलते का?

होय. उघड्या पाठीच्या पेटीत मागचा आवाज पुढच्या आवाजाला खर्जात काही अंशी खोडून काढतो, म्हणून आवाज मोकळा आणि पसरट येतो व खर्ज हलका राहतो. तिथे भरदार खर्जाचा स्पीकर शोभतो. बंद पेटीत खर्ज घट्ट आणि ठोसेदार होतो. तिथे मुळातच खर्जाने भरलेला स्पीकर घेतला तर आवाज गुदमरतो. एकाच स्पीकरविषयी दोन वादकांची मते टोकाची निघतात, त्यामागे पुष्कळदा पेटीतला हा फरक असतो.

१४. माझ्या पेटीत दोन किंवा चार स्पीकर आहेत. हिशोब कसा करावा, आणि एकच बदलला तर चालेल का?

समांतर जोडणीत सारख्या स्पीकरांचे ओहम त्यांच्या संख्येने भागले जातात आणि एकसर जोडणीत त्यांची बेरीज होते. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४, एकसर जोडले की १६. चार स्पीकरांत बहुधा दोन-दोनच्या एकसर जोड्या करून त्या समांतर जोडतात, त्यामुळे एकूण ओहम एका स्पीकरइतकेच राहतात. १६ ओहमचे चार मिळून पुन्हा १६. फेंडर बासमनच्या १९५० च्या दशकाअखेरच्या मॉडेलात मात्र ८ ओहमचे चारही १० इंची स्पीकर समांतर असून एकूण २ ओहम होतात. म्हणून वायरी कुठून कुठे जातात हे काढण्यापूर्वी कागदावर रेखाटून ठेवावे.

एकच स्पीकर बदलायला हरकत नाही, पण त्याचे ओहम इतरांइतकेच असावेत. समांतर जोडणीत ८ ओहमच्या शेजारी १६ ओहमचा लावला तर ८ ओहमचा दोन तृतीयांश ताकद ओढतो. एकसर जोडणीत याच्या उलट १६ ओहमच्यावर तेवढा भार पडतो. सहनशक्तीचा हिशोब करताना वाटण्या समान असतील तर सर्वांत दुबळ्या स्पीकरचे वॉट गुणिले स्पीकरांची संख्या असा करावा. २५ आणि ६० वॉटचे दोन मिळून ८५ होत नाहीत, ५० च होतात.

मुद्दाम दोन वेगळे स्पीकर एकत्र करण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे. एकाचा उजळपणा आणि दुसऱ्याचा भरदारपणा मिळून येतो. त्यांच्या संवेदनशीलतेत दोन-तीन डेसिबलहून अधिक अंतर नसावे, अन्यथा मोठा आवाज करणाराच ऐकू येतो आणि दुसरा केवळ जागा अडवतो.

१५. प्लस आणि मायनस उलटे जोडले गेले तर काय होते? आणि खुणा पुसल्या असतील तर?

एकच स्पीकर असेल तर ऐकण्यात जवळजवळ फरक पडत नाही. दोन असतील आणि त्यांतला एक उलटा असेल तर एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो, खर्ज नाहीसा होतो आणि आवाज पोकळ, दिशाहीन वाटतो. नुकताच स्पीकर बदलल्यावर असे झाले तर प्रथम हेच तपासावे.

खुणा नसतील तर १.५ व्होल्टचा साधा सेल घ्यावा, स्पीकर ॲम्पपासून सुटा करावा आणि सेलच्या तारा टर्मिनलांना क्षणभरच लावाव्यात. कोन पुढे उसळला तर सेलचा प्लस जिथे लागला तो स्पीकरचा प्लस. कोन मागे गेला तर उलट. जेबीएलच्या जुन्या स्पीकरांवरच्या खुणा या संकेताच्या उलट आहेत, म्हणून ते इतरांबरोबर मिसळताना ही चाचणी करूनच घ्यावी.

१६. स्पीकर मी स्वतः बदलू शकतो का?

बहुतेक कॉम्बोंमध्ये बदलू शकता. प्लग काढावा आणि व्हॉल्व्हच्या ॲम्पला थंड होऊ द्यावे. स्पीकरपर्यंत पोहोचण्यासाठी ॲम्पची चासी (आतले भाग बसवलेली धातूची चौकट) बाहेर काढावी लागत असेल तर मात्र ते काम जाणकारावर सोपवावे, कारण आतले कॅपॅसिटर प्लग काढल्यानंतरही घातक विद्युतभार धरून राहतात.

पेटी तोंडावर, मऊ घडीवर झोपवावी, म्हणजे शेवटचा स्क्रू निघताना स्पीकर खाली पडत नाही. वायरी काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. नवा स्पीकर बसवताना सगळे स्क्रू आधी हाताने फिरवून घ्यावेत, मग एक वरचा, एक त्याच्या समोरचा अशा क्रमाने थोडे थोडे आवळावेत. एकाच बाजूने किंवा जोर लावून आवळल्यास सांगाडा किंचित मुरडतो आणि कॉइल घासू लागते. नव्या स्पीकरची पहिल्याच दिवशीची खरखर अनेकदा अशीच येते आणि स्क्रू सैल करून पुन्हा समान आवळल्यावर जाते. स्क्रू फिरवताना दुसऱ्या हाताचा पंजा कोनावर आडवा धरावा. माझ्या हातून एकदा पेचकस घसरून कोऱ्या स्पीकरच्या कोनात आरपार गेला होता. त्या दिवसापासून मी कोनावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवल्याशिवाय स्क्रूला हात लावत नाही.

पेटी वेगळी असेल तर ॲम्पपासून तिच्यापर्यंत स्पीकरचीच केबल वापरावी. गिटारची केबल दिसायला तशीच असली तरी तिची आतली तार बारीक असते आणि स्पीकरच्या प्रवाहासाठी ती बनवलेली नसते.

१७. मॉडेलिंगच्या उपकरणासाठी किंवा बास गिटारसाठी हाच स्पीकर चालेल का?

मॉडेलिंगच्या उपकरणात स्पीकर आणि पेटीची नक्कल आधीच केलेली असते. ती गिटारच्या स्पीकरमधून ऐकली की एका स्पीकरवर दुसरा स्पीकर चढतो आणि आवाज कोंदट होतो. एकतर उपकरणातली पेटीची नक्कल बंद करावी, किंवा पूर्ण पल्ल्याचा स्पीकर घ्यावा.

बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर असते, गिटारची ८२ वर. गिटारच्या स्पीकरचा कोन एवढ्या खोल स्वरांसाठी लागणारी हालचाल करू शकत नाही. हळू आवाजात सराव होईल, पण जोरात वाजवल्यास छापील वॉट ओलांडण्याच्या आधीच कॉइल मागच्या पत्र्यावर आपटून निकामी होईल.

१८. नवा स्पीकर जुन्यापेक्षा ताठ आणि टोचरा वाटतो. परत करू का?

लगेच करू नये. नव्या कोनाच्या कडा आणि त्याला मागून धरून ठेवणारी वळ्यांची जाळी ताठ असतात. दहा-वीस तासांच्या भरपूर वादनानंतर त्या सैलावतात, खर्ज थोडा खुलतो आणि वरची धार बोथट होते. हा बदल खरा असला तरी लहान असतो. सौम्य स्पीकर अधिक सौम्य होईल, पण मुळात न आवडलेला स्पीकर आवडता होणार नाही, म्हणून परत करण्याची मुदत संपण्याआधीच निर्णय घ्यावा.

१९. जुना मूळ स्पीकर टाकून द्यावा का?

कधीही टाकू नये. कोनाची लहान चीर दोन्ही बाजूंनी टिश्यू पेपरचा पातळ तुकडा आणि वाळल्यावर लवचिक राहणारा गोंद लावून बुजवता येते; तुकडा चिरेपेक्षा जेमतेम मोठा असावा, कारण जाड ठिगळ कोनाची थरथर बदलते. कॉइल गेली असेल तर रीकोन करता येतो, म्हणजे सांगाडा आणि चुंबक तेच ठेवून कोन, कॉइल आणि मागची जाळी नवी बसवतात. नव्या कोनासरशी आवाज थोडा बदलतो, तरीही दुर्मिळ स्पीकरसाठी हा खर्च योग्य आहे. साध्या स्पीकरसाठी नवा घेणेच बहुधा स्वस्त पडते. सुस्थितीतला जुना स्पीकर ॲम्पबरोबर जपून ठेवावा. पुढे ॲम्प विकताना मूळ भाग जवळ असण्याला किंमत असते.

२०. तोच स्पीकर मित्राच्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर वेगळा का वाजला?

प्रश्न ४ मध्ये म्हटल्याप्रमाणे इंपीडन्स वारंवारतेनुसार बदलतो. ८ ओहमच्या स्पीकरचा इंपीडन्स ७५ ते १०० हर्ट्झच्या आसपास, जिथे कोन स्वतःहून डोलू पाहतो तिथे, कित्येक पटींनी चढतो आणि उंच स्वरांकडे पुन्हा हळूहळू वाढत जातो. ट्रान्झिस्टरचे बहुतेक ॲम्प या चढउतारांकडे दुर्लक्ष करून सर्वत्र सारखाच विद्युतदाब देतात. व्हॉल्व्हचा ॲम्प मात्र त्या चढांवर विद्युतदाब वाढवतो, म्हणून खर्ज फुगतो आणि वरचे स्वर उजळतात. स्पीकरचा स्वभाव व्हॉल्व्हच्या ॲम्पवर दुप्पट ठळकपणे दिसतो तो त्यामुळे. दुसऱ्याच्या ॲम्पवर ऐकून स्पीकर घ्यायचा असेल, तर तो ॲम्प निदान आपल्याच जातीचा आणि पेटी आपल्यासारख्याच पाठीची असावी.